खुर्चीवरचा कोट

सोमवारी सकाळी गुडगावच्या त्या ऑफिसात दर तिसऱ्या ग्राहकाला वेबसाइटवर कोरं पान दिसत होतं. आयटी हेड खुराना साहेब माझ्याकडे असे बघत होते, जणू ते पान मीच पुसून ठेवलंय.

कंपनी सहलींचं बुकिंग ऑनलाइन घ्यायची. इमारत काचेची, बाहेरचा रस्ता अजून कच्चा. मागे तीन सर्व्हर आणि त्यांच्या पुढे मी लिहिलेलं सॉफ्टवेअर, रिव्हर्स प्रॉक्सी. सोपं सांगायचं तर ऑफिसातला आवक कारकून. लोक कागद त्याच्याच हातात देतात आणि आतल्या तिघांत तो काम वाटतो. या वाटपाला लोड बॅलन्सिंग म्हणतात. मी ते ओपन सोर्स ठेवलं होतं, म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं.

दोष वीस मिनिटांत सापडला. एक सर्व्हर अडकला होता, तरी प्रॉक्सी त्याला काम देतच होती. मी सेटिंगमध्ये एक ओळ घातली आणि पान आलं. मग जरा तोऱ्यातच सांगितलं, ही सोय तर सहा महिन्यांपासून आहे.

"लिखा कहाँ है, मॅडम?" खुरानांनी विचारलं.

कुठेच नव्हतं. माझं मॅन्युअल अडीच पानांचं. बाकीचं मी फोनवर सांगायचे.

त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. त्यांचा नवा इंजिनिअर गुप्ता नुसतं मॅन्युअल वाचून सगळं उभं करणार, मी शेजारी गप्प बसायचं. नाही जमलं तर ते याच कामाचं एक परदेशी मशीन विकत घेणार. हे माझे पहिले मोठे वापरणारे. ते गेले की माझ्या नोकरीतला बॉस हा सुट्टीतला उद्योग बंद करायला लावणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले होते.

तीन दिवस लिहिलं आणि गुरुवारी प्रिंट काढून बाबांना दिली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारका भागात आलो, पण त्यांची दुरुस्त्यांची पेन्सिल सुटली नव्हती. एका ओळीवर ती थांबली. सर्व्हर जिवंत आहे का ते प्रॉक्सी तपासते, असं मी लिहिलं होतं.

"कसं तपासते?"

"दार वाजवते. दार उघडलं म्हणजे जिवंत."

बाबा खो खो हसायला लागले. "अगं, मग आमच्या ऑफिसात जानेवारीत सगळेच जिवंत! खुर्चीवर कोट आणि माणूस लॉनवर उन्हात शेंगा सोलतोय."

"मग तुम्हाला कळायचं कसं?"

"फाइल पाठवायची. सही होऊन परत आली, तर माणूस आहे."

सोमवारी सेटिंगमध्ये घातलेली माझी ओळ नेमकं हेच करत होती. नुसतं दार न वाजवता सर्व्हरकडे एक पान मागायचं, आलं तरच त्याला काम द्यायचं. मी कोट, लॉन आणि शेंगांसकट सगळं मॅन्युअलमध्ये घातलं. बाबांनी खाली पेन्सिलीने "ठीक" लिहिलं. त्यांच्याकडून इतकं कौतुक मला दहावीतही मिळालं नव्हतं.

शुक्रवारी गुप्ता वाचत बसला आणि मी तोंडाला कुलूप लावून बसले. दोनदा तो चुकला आणि दोनदा मागचं पान उलटून स्वतःच सावरला. चौथ्या पानावर तो हसला आणि ती ओळ त्याने टाइप केली. मग खुरानांनी मुद्दाम एक सर्व्हर बंद न करता नुसता थिजवला, म्हणजे दार उघडं पण काम ठप्प. दहा वेळा पान उघडलं, दहाही वेळा आलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

"ये कोट वाला किसने लिखा?" त्यांनी विचारलं.

"पिताजी ने."

"सरकारी नौकरी में थे?"

"जी."

"मेरे भी," खुराना म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला. परदेशी मशीन काही आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात माझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या फिनलंडच्या एका अनोळखी माणसाची मेल आली. सकाळपासून आमच्या एका खुर्चीवर नुसता कोट आहे, काय करू? मी बाबांना वाचून दाखवली.

"लिही त्याला, लॉनवर बघ म्हणावं," बाबा म्हणाले.

त्याच्याकडे लॉनवर गुडघाभर बर्फ होता. तरी त्याला कळलं, सर्व्हर कशात अडकलाय ते शोधायचं. तेव्हापासून मी एकच नियम पाळते. मॅन्युअल ज्याला काम येतं त्याने लिहावं, पण ज्याला येत नाही त्याच्या हातात पेन्सिल देऊन.