औषध बदला, असं मीच सांगितलं होतं

मी मावशींच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पोचलो तेव्हा त्यांनी फवारणीचा पंप पाठीवर चढवलाही होता. साखऱ्याकडच्या या शिवारात मी कृषी सहायक. त्या दिवशी त्यांच्याच सोयाबीनमध्ये शेतीशाळा ठेवली होती, दहा-बारा शेतकरी लिंबाखाली येऊन बसले होते. मावशी सोयाबीन राखायच्या ते बियाण्यासाठी. गल्लीतली सात घरं दर साली त्यांच्याकडचंच बी पेरायची.

"थांबा जरा," मी म्हणालो.

"काहून थांबू? शेंगा काळ्या पडून राहिल्या, साहेब. तीन फवारे झाले, फरक न्हाई. हा चौथा."

"एकच औषध मारलं असेल सारखं!" मी चढ्या आवाजात म्हणालो. माझा स्वभावच तसा, आधी तोंड सुटतं. पालथ्या घड्यावर पाणी, हे शेतकऱ्यांबद्दलचं माझं नेहमीचं रडगाणं.

मावशी भडकल्या. "एकच कसं? दर खेपेला बदललं. तुमीच सांगितलं व्हतं न गेल्या साली?"

खोपीतून डबे आणून त्यांनी माझ्यापुढे आदळले. लाल, हिरवा, निळा. चौथा पिवळा, आजच फोडलेला.

डब्यांवरची बारीक अक्षरं मी वाचली. नावं चार, कंपन्या चार, आतला घटक एकच. पुन्हा वाचली. बदलायचा असतो तो घटक. एकाच घटकाचा मारा होत राहिला की त्याला पुरून उरणारी बुरशी तेवढी शिल्लक राहते आणि मग तीच शेतभर फैलावते. हे मला तोंडपाठ होतं. पण गेल्या साली "औषध बदलून बदलून मारा" एवढंच सांगून, सह्यांचा कागद फिरवून मी बस गाठली होती.

"चूक माझी आहे," मी म्हणालो आणि घटक कुठे लिहिलेला असतो ते सगळ्यांना दाखवलं.

"आमीबी डब्याचा रंगच पाहून बदललं," लिंबाखालून एक म्हातारे हळूच म्हणाले.

मावशींनी पंप उतरवला. "बियाण्याला चालंल का हे?"

'बघू' म्हणून वेळ मारून नेता आली असती. मला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. "नाही," मी म्हणालो. "हा रोग दाण्यातून पुढच्या साली शेतात जातो. यातलं बी कुणाला देऊ नका."

त्यांनी एक शेंग बोटांत चुरली. "मंग त्या सात घरी तुमीच जाऊन सांगा. माझ्यानं व्हणार न्हाई."

मी तसाच निघालो. पहिल्या घरच्या बाईंनी ओसरीत सतरंजी टाकली आणि त्या चहा ठेवायला वळल्या.

"बसा, साहेब. मावशीनं यंदा तुमचं ऐकून बराबर फवारे मारले. आमाला बियाण्याची काळजी न्हाई."

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं.