रेणापूर रस्त्यावरची शेतशाळा

शेतकीची कोरी पदवी घेऊन मी लातूरला आलो, तेव्हा बशीरचाचा मला प्रथम दिसले ते मोट हाकताना. निजामाच्या काळातली दगडी विहीर, धावेच्या उतारावर बैलजोडी, आणि खाली वाफ्यात चक्क ठिबकच्या नळ्या! "चाचा, हे शेत आहे की म्युझियम?" मी आगाऊपणानं विचारलं. "दोन्ही हाय, मास्तर. आज्यानं पाणी कसं काढलं ते पोरांना दिसू द्या, आन थेंबावर पीक कसं येतंय तेबी." त्याच दिवशी त्यांनी मला आपल्या शेतशाळेत शिकवायला ठेवून घेतलं.

आज शेताला क्लासेसच्या नि वसतिगृहांच्या इमारतींनी वेढलंय. सूत्रं पाठ करून शिणलेली मुलं सकाळी कुंपणाशी रेंगाळतात. चाचा त्यांना आत बोलावतात, हुरडा देतात आणि बोलता बोलता माती तपासायलाही शिकवतात. धुक्यातलं ते शेत पाहताना आपण जागे आहोत की स्वप्नात, हे मला अजून कळत नाही.

चाचा खरे उमगले ते त्र्याण्णवच्या भूकंपानंतर. शेजारच्या तालुक्यातल्या एका गावी सरूबाईंचं घर पडलं, त्यात त्यांचे यजमान गेले. ज्वारीच्या पेरणीचे दिवस होते. ओल उडाली की वर्ष रिकामं. चाचा नि मी गेलो तेव्हा बाई बांधावर बसून होत्या. मी शहाण्यासारखा म्हणालो, "या आठवड्यात पेरून घ्या."

"भुईनंच माझं माणूस गिळलं. तिच्यात आता दाणा टाकू व्हय?"



चाचांनी उपदेश केला नाही. त्यांनी जपलेल्या जुन्या वाणाचं बी आणलं, पेरणीची तिफण जुंपली आणि तिचा दांडा, रुमणं, धरून नुसते उभे राहिले. आमच्याकडे तिफण पुरुष धरतो, तिच्या चाड्यात, वरच्या लाकडी नरसाळ्यात, बी सोडते ती घरची बाई. मी बी सोडायला पुढं झालो, तर चाचांनी डोळ्यांनीच दटावलं. "भाभी, चाड्यावर मूठ न्हाई. बैल खोळंबलेत."

 मग सरूबाई उठल्या, ओटीत बी घेतलं, चालू लागल्या. बियांची धार कुठं तुटली नाही. पेरणीचं तास पलीकडच्या बांधाला संपलं तेव्हा त्या तिथंच बसून ढसाढसा रडल्या. घर पडल्यापासून पहिल्यांदाच. मीही रडलो. चाचांनी डोळे पुसत बैल वळवले. सांजेपर्यंत रान पेरून झालं.

चाचा, आज तुमची पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा, ठणठणीत राहा. इतकी वर्षं शिकवतोय मी, पण माझी तिफण अजून वाकडीच जाते.