वस्तऱ्यावर सिस्टरचा हात

दिग्रसमध्ये माणसं कापूस ओळखतात, ढग ओळखतात, एकमेकांच्या सात पिढ्या ओळखतात. पण धार ओळखणारी व्यक्ती त्या गावात, माझ्या मते अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात, एकच आहे आणि नशिबानं मी तिचा भाडेकरू होतो. माझ्या घरमालकीणबाईंना सगळं गाव सिस्टर म्हणतं. सरकारी दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या खोलीत आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या. अंगानं बुटक्या, आवाजानं उंच. बोथट वस्तू त्यांच्या घरात टिकत नसे आणि दुसऱ्याच्या घरात दिसली तर त्यांना झोप लागत नसे. मी राहायला आलो त्या दिवशी त्या किल्ली द्यायला वर आल्या, माझ्या चाकूवरून अंगठा आडवा फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊ, यानं तुम्ही कांदा कापता का कांद्याले समजावता?" चाकू घेऊन गेल्या तो संध्याकाळी परत आला, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्या बोटांना पट्ट्या होत्या. एकदा आम्ही बाजारातून येत असताना टेलरच्या दुकानासमोर त्या थबकल्या. आत कापड कापलं जात होतं. "कैची चावून राह्यली," एवढं बोलून त्या पायऱ्या चढल्या, कोण गिऱ्हाईक, कुणाचं कापड याची चौकशी न करता कात्री मागून घेतली आणि पिशवीत टाकली. टेलर हात जोडून म्हणाला, "सिस्टर, लगनसराई आहे हो!" "म्हनूनच," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे आजोबांचा एक वस्तरा होता. खरा, लांब पात्याचा, शिंगाच्या मुठीचा. त्यानं दाढी करावी अशी हौस मला चाळिशीत सुचली. सलूनवाल्याला दाखवला तर त्यानं तो कौतुकानं उघडला, मिटला आणि परत दिला. "साहेब, आता अर्धं ब्लेड लावाचं अन् फेकाचं. ह्याले धार लावनारे गेले." मग मी गल्लीत आलेल्या सायकलवाल्या धारवाल्याला गाठलं. त्यानं पॅडल मारायला सुरुवात केली, चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या आणि त्याच क्षणी सिस्टर अनवाणी धावत बाहेर आल्या. ऑपरेशनच्या टेबलावर कुणी चुकीचा पाय कापायला घेतला असता तर त्या जशा ओरडल्या असत्या, तशा ओरडल्या. वस्तरा त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला, उजेडात धरला. धारेपाशी पातं निळं पडलं होतं. "जाळलं पोलाद," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "भाऊ, तुमचे आजोबा असते तं काय म्हनले असते?" त्या धारवाल्याला मात्र त्यांनी चहा पाजून पाठवलं.

तो वस्तरा त्यांनी तीन आठवडे खपून दुरुस्त केला. रोज सकाळी अंगणातल्या पाटावर ओल्या फडक्यात तीन दगड मांडायच्या: पहिला खरखरीत, दुसरा मऊ, तिसरा असा की त्यावर हात फिरवला तर गालावरून फिरवल्यासारखा वाटे. पातं दगडावर आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकदम, धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला गेलं की पाठीवर उलटं करून तसंच माघारी आणायचं. जोर अजिबात नाही. "वस्तरा आपल्या वजनानं चालला पाह्यजे. तुमचा हात नुसता संगतीले," त्या सांगायच्या. बघण्यापेक्षा त्या ऐकायच्या जास्त. खरखर कमी होत होत शेवटी रेशमी साडीच्या निऱ्यांसारखी सळसळ उरली की त्या मान हलवायच्या, आणि मग खिळ्याला टांगलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर पातं उलट्या दिशेनं, पाठ पुढे ठेवून, पन्नास वेळा ओढायच्या. मी बँकेत नोकरी करतो. इतक्या शांतपणे केलेलं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पण निकाल त्यांच्या हातात नव्हता. तो काकांच्या हातात होता. काका म्हणजे त्यांचे यजमान. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झालेली. सात वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तेव्हापासून सिस्टर रोज सकाळी त्यांची दाढी वस्तऱ्यानं करत. एक दिवसही खाडा नाही. "दाढी वाढली का मानूस बिमार दिसते, अन् बिमार दिसला का बिमारच राह्यते," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. डाव्या गालावर पहिला हात फिरला की काका डाव्या हाताचं बोट वर करायचे. एक बोट म्हणजे बरोबर. दोन बोटं म्हणजे पुन्हा दगडावर. माझ्या वस्तऱ्याला त्यांनी नऊ दिवस दोन बोटं दाखवली. दहाव्या दिवशी एक बोट वर गेलं तेव्हा मी, बँकेच्या शाखेचा जबाबदार अधिकारी, अंगणात टाळ्या वाजवल्या.

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी मी पाणी भरायला खाली आलो, तर काकांची दाढी चालू होती आणि त्यांच्या डाव्या गालावरून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत उतरली होती. काकांचं एक बोट वर होतं. सिस्टर सराईतपणे वस्तरा चालवत होत्या. मी "सिस्टर, रक्त," म्हणालो तेव्हा त्या थांबल्या, बोटांनी गाल चाचपला, बोटं डोळ्यांजवळ नेली. इतकी जवळ की मला कळायचं ते कळलं. त्यांनी वस्तरा मिटला. काकांकडे वळून म्हणाल्या, "लागलं तं सांगतलं काहून नाही? किती दिवसापासून खोटं बोलून राह्यले तुम्ही?" काकांनी बोट खाली घेतलं आणि भिंतीकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांची अर्धीच दाढी झाली.

सिस्टरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. डाव्यात कमी, उजव्यात पिकलेला. उजव्याचं ऑपरेशन यवतमाळला ठरलं, तीन दिवस जायचे होते. काकांचं जेवणखाण बघायला त्यांची बहीण दारव्ह्याहून आली, पण वस्तऱ्याला हात लावायला ती तयार नव्हती आणि सलूनवाल्याला पाहिलं की काका तोंड घट्ट मिटून घेत. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला जमणार नाही." त्या म्हणाल्या, "मी तुमाले इचारून नाही राह्यली, भाऊ." मग आठवडाभर त्यांनी मला पाटावर बसवलं. माझा हात धरून पातं सरकवलं. मी जोर लावला की मनगटावर चापट बसे. "आइका! आइकून पाहा!" मला काही ऐकू येत नसे. निघताना जीपमध्ये बसल्यावरही त्यांनी खिडकीतून हात काढून हवेत वस्तरा कसा उलटायचा ते दाखवलं.

पहिल्या दिवशी काकांनी मला सहा वेळा दोन बोटं दाखवली. बायकोच्या बाबतीत इतका दयाळू असलेला हा माणूस माझ्याशी मात्र वजनकाट्यावर बसल्यासारखा वागला. दुसऱ्या दिवशी चार वेळा. माझा शर्ट घामानं भिजला, बँकेत उशीर झाला. तिसऱ्या दिवशी दगडावर पातं फिरवता फिरवता खरखर थांबली आणि ती सळसळ मला ऐकू आली. मी श्वास रोखून काकांच्या गालावर हात चालवला. एक बोट. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी साबणाचा फेस करत बसलो.

दुपारी सिस्टर काळा चष्मा लावून जीपमधून उतरल्या. कुणी धरायला गेलं तर हात झटकला. अंगणात काकांच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या, म्हणाल्या, "पाहू द्या, भाऊनं काय केलं ते." मी शाळकरी मुलासारखा उभा. त्यांनी चष्मा काढला. उजवा डोळा लाल होता, पण स्वच्छ होता. त्या गाल बघायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. दाढी त्यांनी पाहिलीच नाही. बराच वेळ त्या फक्त चेहरा बघत होत्या; कपाळ, डोळ्यांखालच्या घड्या, भुवयांतले पांढरे केस.

"किती म्हातारे झाले हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "कोनी मले सांगतलंच नाही."

काकांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. सिस्टरनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग आपले पुसायला हात वर केला, आणि डोळ्याला हात लावायचा नाही हे आठवून तसाच खाली घेतला.