अप्पाकाकांचे पॉइंट्स आणि गयाबाईची खोली

अप्पाकाका गेल्यावर चौथ्या दिवशी हॉटेल कंपनीने त्यांचे सगळे पॉइंट्स रद्द केले.

आणि काका गेल्याची खबर कंपनीला मीच दिली होती.

आज वर्ष झालं काका लिंगैक्य होऊन. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर आणि गावाच्या ग्रुपवर "देवमाणूस गेला" असे मेसेज पडायलेत. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

हाच माणूस जिवंत असताना अर्धं गाव त्याला "फुकट्या अप्पा" म्हणायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका म्हणजे माझे सख्खे चुलते. पूर्णा स्टेशनजवळ त्यांचं रिचार्ज आणि झेरॉक्सचं छोटं दुकान. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, आणि शर्टाच्या खिशात एका मोठ्या हॉटेल कंपनीचं क्रेडिट कार्ड.

ते कार्ड मीच काढून दिलं होतं. जेवढं स्वाइप कराल तेवढे पॉइंट्स, आणि पॉइंट्स साठले की त्या कंपनीच्या हॉटेलात रूम फुकट. काकांनी हे दोनदा समजून घेतलं. तिसऱ्यांदा विचारलं, "दुसऱ्याच्या नावानं खोली घेता येती का?"

येते, म्हणालो. का विचारतायत, हे विचारायचं सुचलं नाही.

त्यानंतर काकांनी सगळ्या गल्लीची लाइट बिलं, विम्याचे हप्ते, लेकीबाळींच्या ऑनलाइन साड्या, सगळं स्वतःच्या कार्डावर घ्यायला सुरुवात केली. लोक त्यांना रोख द्यायचे, ते वेळेवर कार्ड भरायचे. कुणाचं एक रुपयाचं नुकसान नाही.

तरी लोक बोललेच. अप्पा कमिशन खातो. अप्पा म्हातारपणी ऐश करायलाय.

मीही बोललो.

माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला गोव्याला जायचं होतं. काकांकडे पॉइंट्स मागितले. ते म्हणाले, "ते दुसऱ्या कामाला ठिवलेत रे." मी चुलत बहिणीच्या लग्नात, भरल्या पंगतीत म्हणालो की काका पॉइंट्स छातीवर बांधून नेणार आहेत. सगळे हसले. काका खाली मान घालून जेवत राहिले.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या फोनवर कॉल आला. सखाराम नावाचा माणूस होता, नदीपलीकडच्या वस्तीवरचा, शेळ्या-मेंढ्या राखणारा. काका गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याची बायको गयाबाई, तिला कॅन्सर. हैदराबादला उपचार चालू होते. "सोमवारी जायाचंय, अप्पानं खोली सांगितली का?" एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी काकांचा मेल उघडला.

बुकिंगच्या कन्फर्मेशनची रांग लागली होती, सोमवारचंही त्यात होतं. सगळी हैदराबादची, तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलजवळच्या हॉटेलची. पूर्णेच्या, सोनपेठच्या, येलदरीच्या माणसांची नावं. बहुतेकांना मी ओळखतही नव्हतो.

तेव्हा काकी आठवली.

काकीची किडनी गेली तेव्हा काका तिला घेऊन त्याच हॉस्पिटलला गेले होते. लॉज परवडेना. दोघं गेटबाहेरच्या फुटपाथवर अकरा दिवस राहिले. डायलिसिस झालेली बाई आंघोळीसाठी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहायची. काकी गेल्यानंतर काका त्या अकरा दिवसांबद्दल कधीच बोलले नाहीत. मी कार्ड काढून दिलं ते त्याच वर्षी.

पुढचं सखारामने सांगितलं.

पहिल्या वेळी तो आणि गयाबाई त्या हॉटेलात गेले, तर रिसेप्शनवरच्या पोराने त्याचा फेटा बघितला, घोंगडी बघितली, आणि मेंबर सोबत नाही म्हणून रूम नाकारली. बुकिंग सखारामच्याच नावावर होतं, आधार कार्ड हातात होतं. दोघं दुपारपर्यंत पायरीवर बसली आणि मग हॉस्पिटलच्या व्हरांड्यात गेली.

सखारामचा फोन आला तसं काकांनी दुकान बंद करून गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांना घेऊन काउंटरवर उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "ये लोगां मेरे मेहमान हैं. रूम देते नै तो कायकू नै देते, वो लिख के देव."

लिहून द्यायची कुणाचीच हिंमत झाली नाही. मॅनेजर आला, रूम मिळाली.

काका खाली सोफ्यावर बसून राहिले. गयाबाईची गरम पाण्याने आंघोळ झाली, असं सखारामने येऊन सांगितलं तेव्हा उठले आणि स्टेशनला गेले.

हे ऐकून मी कस्टमर केअरला फोन लावला. खरं तेच सांगितलं: मेंबर वारले, सोमवारचं बुकिंग एका पेशंटचं आहे, तेवढं राहू द्या.

पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सॉरी फॉर युवर लॉस, सर." आणि अकाउंट बंद केलं. पॉइंट्स मेंबरच्या मृत्यूनंतर संपतात. बुकिंगही कॅन्सल. पॉलिसी आहे, सर.

मी भांडलो. मेल केले, ट्वीट केलं. काही झालं नाही. माणूस जिवंत असताना वाढदिवसाला केकचं चित्र पाठवणारी ही कंपनी.

शेवटी माझ्या तसल्याच कार्डावरचे पॉइंट्स काढले. थायलंडसाठी ठेवले होते. सोमवारी मी स्वतः त्या दोघांसोबत गेलो. पुढच्या प्रत्येक खेपेला रूम माझ्या कार्डावर झाली. गयाबाईचे उपचार संपून पाच महिने झाले. आता ती पुन्हा शेळ्यांमागं जाते.

आज सकाळी काकांच्या समाधीवर ती आणि सखाराम आले होते. "देवमाणूस" लिहिणाऱ्यांपैकी एकही नव्हता.

गयाबाईने विचारलं, "अप्पा कंदी राहिले का वो त्या खोलीत?"

मी घरी येऊन सगळे मेल पुन्हा पहिल्यापासून बघितले.

एकदाही नाही.

काका, त्या पंगतीतल्या बोलण्याची माफी मागतो. तुम्ही होता तेव्हा मागायला हवी होती.

तुम्हाला शरणार्थ.