देशपांडे मॅडमचा राजीनामा

"ही आमच्याकडं झाडपूस करते."

सर माझ्या आईकडं बोट दाखवून म्हणाले. समोर खुर्च्यांवर एक डॉक्टर आणि त्यांची बायको, मुलाच्या ॲडमिशनला आलेले. आई ऑफिसच्या दारात उभी. धुवट पांढरी साडी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी चार पावलांवर, वर्गाच्या दाराशी. हातात खडू.

"मावशी, झाडू मागं आहे. जा."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी काही बोलले नाही.

हे परभणीतल्या अकरावी-बारावीच्या एका खाजगी क्लासमधलं. क्लास सरांचा. मी तिथं तीन वर्षं फिजिक्स शिकवत होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. तपासणीला ती आमच्या गावाहून, झरीहून, एकटीच एसटीनं आली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, फक्त खाली वाकायचं नाही. मग तिला वाटलं, आता दिसायलंय तर लेक शिकवताना बघावी. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत आली होती ती, मला शिकवायला. मला न कळवता क्लासवर आली.

सरांनी तिला ओळखलं नसेल असं समजू नका. मला कामावर घेताना ते आमच्या घरी येऊन गेले होते. गाडी बुद्धवाड्याच्या बाहेर रस्त्यावरच लावली. आईनं चहा केला. "ॲसिडिटी आहे," म्हणाले आणि कप तसाच ठेवला. निघताना मला बाजूला घेतलं. "मॅडम, तिकडं आडनाव सांगत बसू नका. पालक नसत्या चौकशा करतात. नुसतं मॅडम पुरे."

एम.एस्सी. झालेली, बी.एड. झालेली, दोन वर्षं घरी बसलेली मी. हो म्हणाले.

फ्लेक्सवर सगळ्यांची आडनावं आली, माझं नाही. पुढं कुण्या पालकानं विचारलं, "फिजिक्सला देशपांडे मॅडमच ना?" सर हसले. मान हलवली. मग मुलंही तेच म्हणायला लागली. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. हे लिहिताना अजून मळमळतं. त्या नावापुढं पालक उठून उभे राहायचे. संक्रांतीला एका मुलीची आई खास क्लासवर आली, मला कुंकू लावलं, ओटी भरली. आणि मी पदर पुढं केला.

तर त्या दिवशी आई वळली आणि मागं गेली. मला वाटलं, गेली निघून. सुटले असं वाटलं मला. सुटले! मी वर्गात शिरले, फळ्यावर 'घर्षण' लिहिलं. आणि बाहेरून झाडूचा आवाज आला.

ती खरंच झाडत होती. कमरेत वाकून, आठ दिवसांच्या डोळ्यानं, आमचा व्हरांडा. माझी नोकरी सांभाळत होती.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, धूळ यायलीय आत. दार लावू का?"

मी म्हणाले, "लाव."

उरलेला तास मी शिकवला. गणितं सोडवली. एकही चुकलं नाही.

संध्याकाळी झरीच्या गाडीत आई शेजारी बसली. चष्म्याखालून पाणी गळत होतं, डोळा लाल झालेला.

"दुखायलाय का?"

"न्हाई." तिनं पदरानं गाल पुसला. "पोरं तुला तिथं देशपांडे कामून म्हणायलेत गं?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"आपलं नाव काय वाईट हाय का? तुज्या बापानं शाळंत तुजं नाव घालताना मोठ्यानं सांगितलं व्हतं. सगळे बगायले व्हते. तरी बी. झाडायचं मला काय न्हाई. लय झाडलं. पण दार कामून लावलं?"

मला माझीच किळस आली. अंगावर काहीतरी घाण सांडावी आणि ती घाण आपणच असावं, तशी. सरांची किळस त्यानंतर आली.

सकाळी राजीनामा लिहून नेला. सरांनी दोनदा वाचला.

"परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. पोरांचं वाटोळं करणार? शिक्षकाला शोभतं हे?"

मी कागद पुन्हा त्यांच्याकडं सरकवला.

"मी संधी दिली म्हणून. दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं तुम्हाला."

"माझ्या आईच्या हातात तुम्ही झाडू दिलात."

"अहो, वेळ मारून नेली. तुमच्याच भल्यासाठी. आणि तिनं घेतला की गुमान. बोलली का काही?"

हे सांगताना सर बिस्किट खात होते. चुरा ओठांना लागलेला.

"मी बोलले नाही म्हणून ती बोलली नाही. आता मी बोलते. उद्यापासून येणार नाही."

तिथून वर्गात गेले. फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. म्हणाले, "मी देशपांडे नाही. कधीच नव्हते. काल व्हरांडा झाडला ती माझी आई. ज्याला अडेल त्यानं झरीला घरी यावं, परीक्षेपर्यंत शिकवीन."

पहिल्या बाकावरची तीच मुलगी. तोंड वाकडं झालं तिचं. "पण मॅडम, माझ्या मम्मीनं तर तुमची ओटी भरली होती."

"हो. भरली होती," मी म्हणाले. खडू ठेवला आणि बाहेर पडले.

झरीला कुणी आलं नाही. मुलं अडली असतील, पण बुद्धवाड्यात यायचं त्यांच्यानं झालं नाही. सोबतच्या एका शिक्षिकेचा फोन आला, "पोरांचा तरी विचार करायचास. मनाला लागत नाही का?" मी खरंच मन चाचपून बघितलं. आईच्या तोंडावर लावलेलं दार लागतं. तीन वर्षं दुसऱ्याचं नाव घालून मिरवले, ते लागतं. राजीनामा लागत नाही. एवढासुद्धा नाही.

निकाल लागल्यावर सरांचाच फोन. फिजिक्सला माणूस मिळेना. "झालं गेलं सोडा मॅडम. या परत. आता तुमचं आडनाव लावलं तरी चालेल आम्हाला."

चालेल!

"माझं आडनाव चालवून घेणारे तुम्ही कोण?" म्हणाले आणि फोन बंद केला.

मागच्या महिन्यात सेलूला एका शाळेत मुलाखत होती. टेबलापलीकडच्या बाईंनी कागद चाळले. "आधीची नोकरी मध्येच का सोडली?"

तब्येत, घरची अडचण, सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"किळस आली म्हणून," मी म्हणाले. कसली, तेही सांगितलं. सगळं.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणीही हेच विचारतील. हेच सांगणार आहे.