चांदणी संपली नाही तेव्हा

मंडळी, आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. लोकांनी चिंचेवरची हडळ सांगावी आणि मी तिच्या चपलेचा नंबर विचारावा, असा माझा स्वभाव! तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या...

गोष्ट नव्वदच्या दशकातली. बोईसरजवळ पाम गावात मी आणि सांगलीकडचा सदा एका खोलीत राहायचो. राहायचो म्हणजे काय — खोली एक, खाट एक, कंपनी एक, पण शिफ्ट कायम उलट. मी सुटायचो तेव्हा तो लागायचा. गेटवर अर्धं मिनिट भेट, बस्स. बाकी त्या गावात मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं.

आमच्या खऱ्या गप्पा चालायच्या त्या टीव्ही गेममधून. त्यात उड्या मारत पुढे जाणारा एक माणूस होता. खेळ बंद केला की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून ड्यूटीवर जाणारा गेम पॉजवर ठेवून जायचा, आणि येणारा तिथून पुढे खेळायचा.

त्या दिवशी गेटवर सदा डोळा मारून म्हणाला, "तुझ्यासाठी चांदणी घेऊन ठेवलीय. वाया घालवू नको, येड्या!"

चांदणी घेतली की तो माणूस लुकलुकायला लागायचा, संगीत भरभर वाजायचं, आणि दहाएक सेकंद त्याला कशानेही काही व्हायचं नाही.

खोलीवर आलो, चहा ठेवला, बटण दाबलं. दहा सेकंद झाले. वीस झाले. चहा उतू गेला... चांदणी चालूच! शत्रू अंगावर आपटून मरताहेत, आगीचे गोळे आरपार जाताहेत, आणि मी खाटेवर उभा राहून स्वतःचाच जयजयकार करतोय.

तेवढ्यात घरमालकीण मावशी दारात. "अरे, तुमच्या कंपनीत गॅस सुटलाय! तुजा सदा आत हाय ना? आनि तू खेलत बसलास?"

सायकल दारातच होती. पण माझी बोटं बटणांवरून निघेनात. डोक्यात एकच — मी थांबलो आणि चांदणी संपली तर?

"मेल्या, मानूस हायस का दगड?" म्हणत ती निघून गेली. मी खेळत राहिलो. दहा मिनिटं तरी असतील. मग लुकलुक थांबली, पहिल्याच धक्क्याला तो माणूस मेला, आणि मी सायकल हाणली.

सदा गेटबाहेर झाडाखाली खोकत बसला होता. डोळे लालभडक.

"दहा मिनिटं वाट सापडत नव्हती रे. नुसता धूर. पण आत काहीच झालं नाही बघ... बाहेर पाय टाकला आणि मग खोकला लागला." त्याने माझा हात धरला. "तू कधी निघालास?"

"कळलं तसा," मी म्हणालो.

"या गावात माझ्यासाठी धावणारा तू एकटाच."

त्याच आठवड्यात तो नोकरी सोडून गावी गेला. खाट माझी एकट्याची झाली.

गेमवाला दुकानदार म्हणाला, चिप तापली असेल. असेल! दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही टाळी देऊन तेच म्हटलं असतं. पण एक तर मी त्या खाटेवरून त्याला वाचवलं, नाहीतर तो आत मरत होता आणि मी खेळत होतो. यातलं खरं काय, मला आजही माहीत नाही. सदा दर दिवाळीला फोन करतो. त्याला विचारायचं तर आधी सांगावं लागेल, मी कधी निघालो ते.