अम्मानं न पाहिलेला बाण

डार्ट्स खेळून माझं पोट भरतं, हे आमच्या गल्लीला अजून पटलेलं नाही. जत्रेत बंदुकीनं फुगे फोडतात तसलंच काहीतरी ही पोरगी करते, असा समज. पेपरात फोटो आला, विमानानं परदेशी खेळून आले, तरी शेजारची मावशी विचारतेच, "ते असू दे गं, नोकरी कधी लागणार?" मी आता समजावायचं सोडलंय. पालथ्या घड्यावर पाणी.

अम्माला मात्र पटलं होतं. टॉवेलच्या कारखान्यात तिनं सारा जन्म मागाला सुताच्या कांड्या भरून दिल्या. तिथल्याच भिंतीला माझा बाण मारायचा बोर्ड टांगायला खिळा तिनंच ठोकला. मालक कुरकुरला, तेव्हा म्हणाली, "भिंत काय झिजते का? खेळू द्या की तिला." पण मान वर करून माझा खेळ बघायला तिला सवड नव्हती. कांडी वेळेवर मिळाली नाही तर माग उभा राहतो. तिची पाठ माझ्याकडे आणि नजर सुतावर. अम्मानं एकदा तरी समोर बसून मला जिंकताना बघावं, एवढीच माझी हाव होती.

शेवटी आमच्या सोलापुरातच स्पर्धा ठरली. अम्मा ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत बसली. हॉलमध्ये कारखान्यासारखा गलका होता, त्यामुळे ती अगदी खुशीत. मी अंतिम सामन्यात पोचले. शेवटचा बाण बोर्डाच्या कडेच्या बारीक पट्टीत बसला की जिंकले. पंचांनी हात वर केला आणि हॉल एकदम चिडीचूप झाला.

बाण बसला. टाळ्या पडल्या. मी वळून पाहिलं, तर अम्माची खुर्ची रिकामी.

ती बाहेर नळावर पाणी पीत होती. मला बघून म्हणाली, "आली का लाईट?"

कारखान्यात आवाज थांबला याचा अर्थ एकच, लाईट गेली. मग बायका उठतात, पाणी पितात, पाय मोकळे करतात. हॉलमधले दिवे लख्ख चालू होते, पण अम्माचा विश्वास डोळ्यांपेक्षा कानांवर. मला हसू आलं आणि रडूही.

"लागला का गं?"

"लागला."

"मग परत एकदा मार की. आता बघते नीट."

आत बोर्ड उतरवायला घेतला होता. घरी आल्यावर तिला समोर बसवून बाण मारले, तर एकही धड बसेना. तीच माझी समजूत काढत म्हणाली, "राहू दे. पुढच्या खेपेला मी हलायची न्हाय बघ."

पुढची खेप यायच्या आत ती गेली.

त्यानंतर मी पुष्कळ जिंकले. तिची आठवण घरात येते त्याहून जास्त खेळताना येते. शेवटच्या बाणाला हॉल गप्प होतो, लोक श्वास धरून माझ्याकडे बघत बसतात. कुणीही उठून बाहेर जात नाही.